गोट्यांची पुळण



कोल्हापूरकडील माणसास समुद्र म्हटला की त्याच्या डोळ्यांपुढे वाळू उभी राहते. आंबा घाटाने खाली उतरावे तर गणपतीपुळ्याची वाळू. गगनबावड्याने अथवा फोंड्याने उतरावे तर देवगड-मालवणची वाळू. मुलांनी तीत किल्ले करावेत, मोठ्यांनी पादत्राणे हातात घेऊन चालावे, गुडघाभर पाण्यात उभे राहून लाटा अंगावर घ्याव्यात, इतकाच आपला आणि समुद्राचा परिचय. 'पुळण' हा कोकणातील गोड शब्दही वाळूच्या किनाऱ्यासच लावतात. कोकणात खडकांच्या पायथ्याशी दगडगोटे आढळतात, नाही असे नाही. परंतु नजर पोहोचेल तेथवर केवळ गोटेच पसरले आहेत, चिमूटभर वाळू औषधालाही मिळत नाही, असा किनारा आपल्या लोकांनी सहसा पाहिलेला नसतो. अशा किनाऱ्यास काय म्हणावे? 'गोट्यांची पुळण' म्हणावे, तर शब्दात थोडी विसंगती येते खरी. पण ती जागाच विसंगत आहे.

शिरोली पुलाची या गावच्या औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत सारी हयात मोल्डर म्हणून काढलेले एक गृहस्थ अलीकडे आपल्या कन्येकडे विलायतेस गेले होते. शिरोलीच्या फौंड्र्यांचे नाव सर्वदूर आहे. तेथे लोखंडाचा रस ओतावयाचा तो वाळूच्या साच्यांत, आणि त्या वाळूपैकी पुष्कळशी फोंडा घाटाच्या पायथ्याकडील कासार्डे भागातून घाट चढून वर येते. कोल्हापूरकर सुट्टीत वाळू पाहावयास खाली उतरतो आणि कासार्ड्याची वाळू पोटासाठी वर येते, असा हा व्यवहार आहे. तेव्हा या गृहस्थांचा वाळूशी संबंध सहलीपुरता नव्हता. ओलसर वाळू मुठीत दाबावी, मूठ उघडून गोळा मोडावा, आणि तो कसा मोडला यावरून पाणी कमी की जास्त, माती किती, दाणा कसला, हे सांगावे, ही विद्या त्यांच्या बोटांत मुरली होती. प्रयोगशाळेचा कागद मागाहून येई. बोटे आधी सांगत.

कन्या ब्रिस्टल शहरी राहते. ऑक्टोबरच्या अखेरीस मुलाला शाळेची सुट्टी लागली, तेव्हा तिने वडिलांस व मुलास मोटारीत घालून दक्षिणेस डॉर्सेट परगण्यात नेले. तेथे पोर्टलंड नावाचे खडकाळ बेट आहे. ज्या पांढऱ्या दगडाने लंडनचे सेंट पॉल मंदिर बांधले तो दगड येथलाच. हे बेट आणि मुख्य भूमी यांना जोडणारा, वायव्येस वेस्ट बे या गावापर्यंत गेलेला सुमारे १८ मैलांचा गोट्यांचा बांध म्हणजे चेझिलचा किनारा. 'चेझिल' हे नावही जुन्या इंग्रजीतील खडी-गोटे या अर्थाच्या शब्दावरून पडले आहे. बांधाच्या एका अंगास उघडा समुद्र. दुसऱ्या अंगास कित्येक मैल 'फ्लीट' नावाचे उथळ, शांत पाणी. मधल्या भागात ना घर, ना झाड, ना रस्ता. १ एप्रिलपासून ३१ ऑगस्टपर्यंत तर त्या भागात माणसांना मज्जावच असतो. कारण छोटे सुरय पक्षी तेथे उघड्या गोट्यांतच अंडी घालतात. आपल्याकडे टिटवी माळावरील खड्यांत अंडी घालते आणि पायाखाली येईपर्यंत ती दिसत नाहीत, तसाच हा प्रकार.

फेरीब्रिज या ठिकाणी गाडी ठेवून मंडळी बांध चढू लागली. आणि येथेच पहिला धडा मिळाला. वाळूत पाय रुततो, पण धरून ठेवतो. गोट्यांत पाय रुततो आणि मागे घसरतो. तीन पावले पुढे टाकावीत तेव्हा दोन पदरात पडावीत. पोर्टलंडच्या बाजूस या बांधाची उंची चाळीस-पन्नास फुटांपर्यंत आहे. तेवढ्या चढास मंडळींना बराच वेळ लागला. माथ्यावर पोहोचताच नैर्ऋत्येचा बोचरा वारा तोंडावर आला, आणि खाली समुद्र दिसण्यापूर्वी त्याचा आवाज ऐकू आला.

त्या आवाजाने मोल्डर थबकले. वाळूवरील लाट फुटते आणि 'स्स' करीत परतते. येथे लाट फुटल्यावर क्षणभर शांतता होई, आणि मग परतणाऱ्या पाण्याबरोबर हजारो गोटे एकमेकांवर आपटत उताराने खाली ओढले जात. खडखडाट, गडगडाट, पुन्हा शांतता. फौंड्रीत ओतीव माल साफ करण्याची एक जुनी रीत आहे. माल लोखंडी पिंपात भरावयाचा आणि पिंप फिरवावयाचे. आतील वस्तू एकमेकींवर घासून चिकटलेली वाळू झडते, धारा बोथट होतात. तोच आवाज येथे समुद्र काढीत होता. कन्येस ते म्हणाले, "बाई, हे पिंप कधीपासून चाललंय गं?" शेवटचे हिमयुग संपून समुद्राची पातळी चढू लागली तेव्हापासून, म्हणजे काही सहस्र वर्षे, असे भूगर्भशास्त्रज्ञ याचे उत्तर देतात. चढत्या समुद्राने तळाची खडी ढकलीत ढकलीत किनाऱ्याशी आणली आणि तिचा हा बांध रचला. यांतील बहुतेक गोटे चकमकीच्या अथवा त्याच जातीच्या कठीण दगडाचे. आपली गारगोटी या कुळाच्या जवळची. ठिसूळ दगड त्या पिंपात केव्हाच पीठ होऊन गेले. चिवट तेवढे उरले.

परंतु खरी नवलाची गोष्ट दुसऱ्या दिवशी वेस्ट बे येथे कळली. पोर्टलंडच्या टोकास गोटे मुठीएवढे, बटाट्याएवढे होते. वेस्ट बे येथे पायाखाली आली ती वाटाण्याएवढी खडी! आणि मध्ये कोठे तरी एकाएकी बदल झाला, असेही नाही; अठरा मैलांत आकार क्रमाक्रमाने वाढत जातो. मोल्डरांनी खडी ओंजळीत घेतली, बोटांतून गळू दिली, आणि म्हणाले, "ही तर चाळून काढलेली!" फौंड्रीत वाळूचा बारीकपणा पाहावयाचा तर एकाखाली एक चाळण्यांची उतरंड लावतात, जाड दाणा वर अडकतो, बारीक खाली जातो. येथे ती चाळणी आडवी मांडलेली आहे. तिचा उलगडा साधारणतः असा करतात: नैर्ऋत्येकडून येणाऱ्या बलाढ्य लाटा लहानमोठे सर्व गोटे पोर्टलंडकडे लोटतात, अधूनमधून आग्नेयेकडून येणाऱ्या दुबळ्या लाटांना मोठा गोटा हलत नाही, त्या बारीक तेवढा माघारी नेतात. हजारो वर्षे ही ने-आण झाली म्हणजे जाड एकीकडे आणि बारीक दुसरीकडे, ही वाटणी होते.

या वाटणीचा लाभ तेथील कोळ्यांनी पुरता घेतला. रात्री अथवा धुक्यात किनाऱ्यास लागलेला कोळी खाली वाकून मूठभर गोटे उचली, आणि त्यांच्या आकारावरून आपण कोणत्या गावाजवळ उतरलो हे ओळखी. चोरटा माल उतरविणारेही हेच करीत, असे सांगतात. हे ऐकून शिरोलीच्या या गृहस्थांस जे समाधान झाले ते थोर होते. दाणा चाचपून ठिकाण सांगणारी माणसे जगाच्या त्या टोकासही होती! त्या कोळ्यांची 'लेरेट' नावाची दोन्ही टोकांस निमुळती होडी असे. बांगड्याच्या जातीच्या मासळीचा थवा दिसला की ती होडी जाळे सोडीत अर्धवर्तुळ काढी, आणि जाळ्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरील माणसे ओढून घेत. मालवणच्या माणसास यात काही नवे सांगितले असे वाटणार नाही. ही रापणच की!

आता जी गोष्ट सांगावयाची, ती पहिल्याच दिवसाची आहे. आणि ज्यांची मुलेबाळे अशा थंड देशांत आहेत, त्या श्रोत्यांनी ती विशेष लक्ष देऊन ऐकावी.

नातू दहा वर्षांचा. माथ्यावरून खाली पाहता समुद्र काही फारसा खवळलेला दिसत नव्हता. मुलगा चपटे गोटे शोधीत पाण्याच्या कडेपर्यंत गेला आणि समुद्राकडे पाठ करून वाकला. दहा-बारा लाटा बेताच्या आल्या. मग एक आली ती मोठी. ती त्याच्या पोटरीपर्यंतच चढली. पण परतताना तिने त्याच्या पायांखालचे गोटेच ओढून नेले. मुलगा बसला, आणि बसल्या जागेवरून उताराने खाली सरकू लागला. आजोबा मागे चार हातांवर होते. समुद्राचा खडखडाट एकाएकी लांबला, नेहमीपेक्षा अधिक वेळ चालला, एवढे त्यांच्या कानांनी टिपले होते आणि ते पुढे सरकलेही होते. "पोरा, मागं हो!" असे ओरडत त्यांनी त्याच्या कोटाची मानगूट धरली आणि स्वतः मागे पडून त्याला वर ओढले. दोघेही कमरेपर्यंत भिजले. बाकी काही झाले नाही.

झाले नाही, पण काय होऊ शकले असते? वाळूच्या किनाऱ्याचा उतार बहुधा मंद असतो. माणूस शंभर पावले आत गेला तरी पाणी छातीस लागत नाही. गोट्यांचा किनारा उभा असतो. दोन-चार पावलांत पाणी डोक्यावरून जाते, आणि परत येण्यासाठी ज्या उतारावर पाय रोवावा तो उतारच पायाखालून निघून जातो. त्यात पाण्याची थंडी. आपला अरबी समुद्र पंचवीस ते तीस अंशांच्या आसपास उबदार असतो. इंग्लिश खाडीचे पाणी हिवाळ्याच्या शेवटी आठ अंशांच्या सुमारास असते आणि भर उन्हाळ्यातही सतरा-अठरांच्या वर फारसे जात नाही. अशा पाण्यात एकाएकी पडलेला मनुष्य स्वतःच्या इच्छेविरुद्ध मोठ्याने श्वास आत ओढतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणीच आत जाते. पट्टीचा पोहणारादेखील या पहिल्या एक-दोन मिनिटांत दगावतो. गारठून मरण्याची पाळी त्यानंतर येते. म्हणून त्या देशातील समुद्रावर जीव वाचविणारी संस्था, रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन, लोकांस सांगते की पाण्यात पडलात तर हातपाय झाडू नका. उताणे व्हा, डोके मागे टाका, कान बुडू द्या, आणि श्वास ताब्यात येईपर्यंत नुसते तरंगत राहा. मग हाक मारा अथवा पोहा. हे सांगणे आपल्या स्वभावाच्या उलट आहे. बुडणारा माणूस धडपड करतो, हेच आपण जन्मभर पाहिलेले असते.

कोरड्या वाटणाऱ्या गोट्यांवरही भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. जेथवर गोटे ओले आहेत तेथवर समुद्र मघाशी आला होता, एवढे तरी ध्यानात ठेवावे. आइसलंडातील रेनिसफ्यारा हा असाच थंड सागराचा काळा किनारा. अचानक आलेल्या लाटांनी तेथे प्रवासी ओढून नेलेले आहेत. आता त्या ठिकाणी धोक्याचे दिवे लावले आहेत. छायाचित्र काढणाऱ्याकडे तोंड आणि समुद्राकडे पाठ, ही आपल्या प्रवाशांची आवडती तऱ्हा तेथे प्राणाशी गाठ घालणारी आहे.

भिजलेली मंडळी गाडीत येऊन बसली, तेव्हा नातवाच्या खिशातून सहा गोटे निघाले. ते परत टाकावे लागले. चेझिलवरून गोटे नेण्यास मनाई आहे, आणि ती सकारण आहे. ज्या मार्गांनी पूर्वी नवी खडी येत असे ते आता जवळजवळ बंद झाले आहेत. आहे त्या पुंजीवर हा बांध उभा आहे आणि मागच्या वस्तीचे रक्षण करीत आहे. आपल्या नद्यांच्या पात्रांतून रातोरात वाळू उपसणाऱ्यांना हा हिशेब कोणी समजावून सांगावा!

नातवाचे मन रमावे म्हणून कन्येने तिसऱ्या दिवशी जवळच्या मेडन कॅसल या प्राचीन टेकडीकोटावर नेले. दगडी तट नाही, बुरूज नाही. एकाआड एक मातीचे प्रचंड बांध आणि खंदक. पन्हाळा पाहिलेल्या माणसास प्रथमदर्शनी तो किल्ला वाटत नाही. सर मॉर्टिमर व्हीलर यांनी १९३४ ते १९३७ या काळात तेथे उत्खनन केले. हेच व्हीलर पुढे १९४४ ते १९४८ पर्यंत भारताच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते. त्यांना तेथे समुद्रावरून आणलेल्या गोट्यांचे ढीग सापडले. एकाच ढिगात वीस हजारांहून अधिक गोटे, सारे निवडून एका मापाचे. ते होते गोफणीचे गोटे! चेझिलचा किनारा म्हणजे त्या लोकांचे दारूगोळ्याचे कोठार. जोंधळ्याच्या रानात माळ्यावर उभे राहून ज्याने पाखरे हाकली आहेत, त्याला गोटा एका मापाचा का हवा हे सांगावे लागत नाही. वजन बदलले की नेम बदलतो.

येथे एक आठवण सहज होते. समुद्र कोल्हापुरापासून घाटापलीकडे. परंतु ज्या पंचगंगेच्या काठी शिरोली आहे, त्याच नदीकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत १९४४-४५ च्या सुमारास पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची लहानशी कांस्यमूर्ती निघाली. रोमन व्यापाराच्या काळी पश्चिमेकडून आलेली ही मूर्ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. तेव्हा दूरच्या समुद्राशी आपला काय संबंध, असे कोल्हापूरकराने म्हणू नये.

पाण्याचा कोप तर शिरोलीकरास शिकवावयास नकोच. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर आले आणि कित्येक दिवस वाहतूक बंद राहिली. २०२१ च्या जुलैतही तीच अवस्था झाली. पण नदीचा पूर चढताना दिसतो. माणूस दारातल्या पायरीवर खूण करून ठेवतो. चेझिलवर १८२४ च्या नोव्हेंबरात, २२ आणि २३ तारखांच्या दरम्यान, जे वादळ आले त्याने खूण करण्यास अवसर दिला नाही. समुद्र त्या उंच बांधाच्या माथ्यावरून पलीकडे कोसळला. पायथ्याच्या चिझवेल गावात वीसहून अधिक माणसे बुडाली, घरांची वाताहत झाली. फ्लीट गावचे जुने देऊळ मोडले. त्याचा एक लहानसा भाग तेवढा आज उभा आहे. एबेनेझर नावाच्या जहाजास लाटांनी उचलून बांधाच्या माथ्यावर नेऊन ठेवले, आणि ते पुढे पलीकडील पाण्यात उतरविण्यात आले. ज्या लाइफबोट संस्थेचा उल्लेख वर आला, ती त्याच १८२४ सालच्या मार्चात स्थापन झालेली होती. परंतु तिचे हात तेव्हा तेथवर पोहोचणे शक्यच नव्हते.

परतण्यापूर्वी वाईक रेजिस या गावी थांबणे झाले. तेथील जुन्या देवळाच्या आवारात समुद्राने परत केलेली पुष्कळ माणसे पुरली आहेत. बंगाल आणि चीनकडे निघालेले ईस्ट इंडिया कंपनीचे 'अर्ल ऑफ अॅबरगेव्हनी' हे जहाज ५ फेब्रुवारी १८०५ रोजी पोर्टलंडनजीक वाळूच्या दांड्यावर आपटून वेमथच्या उपसागरात बुडाले आणि अडीचशेंच्या वर माणसे गेली. त्याचे कप्तान जॉन वर्ड्स्वर्थ, कवी वर्ड्स्वर्थ यांचे बंधू, येथेच विसावले आहेत.

पण मोल्डर थांबले ते दुसऱ्याच एका स्मृतिलेखापुढे. तो 'अलेक्झांडर' नावाच्या जहाजाचा. हे जहाज मुंबईहून लंडनला जावयास निघाले होते. आफ्रिकेचे टोक ओलांडून, अर्ध्या पृथ्वीस वळसा घालून ते इंग्लंडच्या दृष्टिपथात आले, आणि १८१५ च्या मार्चच्या अखेरीस एका रात्री चेझिलच्या गोट्यांवर फुटले. एकशे चाळीसहून अधिक माणसे होती. त्यांतील पाच वाचली. ती पाचही माणसे साहेब नव्हती, उतारू नव्हती. पूर्वेकडील खलाशी होती, ज्यांना इंग्रज 'लास्कर' म्हणत.

त्या पाचांनी तो उभा उतार कसा चढला असेल? पायाखाली गोटे घसरत आहेत, मागून लाट ओढीत आहे, अंगावर उष्ण देशातले पातळ कपडे, पाणी हाडे गोठविणारे, काळोख, आणि वर पोहोचल्यावर ज्याची भाषा कळत नाही असा मुलूख. मुंबई सोडताना त्यांनी जो किनारा शेवटचा पाहिला असेल तो वाळूचा आणि माडांचा. त्यांची नावे त्या लेखावर नाहीत.

कन्येने लेख वाचून दाखविला, आणि आकडा आला तेव्हा नातवाने विचारले, "आज्जा, ते पाच जण मग परत घरी गेले का?"

आजोबांनी त्याचा हात धरला आणि सावकाश बाहेर आले. देवळाचे आवार उंचावर आहे. तेथून बांधाची करडी रेघ पोर्टलंडपर्यंत गेलेली दिसते. वारा पडला होता. इतक्या दूरवरूनही, कान दिला तर, गोटे खाली ओढले जाण्याचा आवाज येत होता.